अंत्यविधीचं सामान आणि व्यवस्था पुरवणाऱ्या माणसाचं आयुष्य कसं असतं? छोट्या गावात हे काम करावं का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या भावाला तालुक्याच्या गावी असं दुकान काढायचं आहे, घरच्यांचा विरोध आहे, आणि असा माणूस जवळून पाहिलेल्या कोणीतरी उत्तर द्यावं. माझ्या थोरल्या मामांनी वाईत जन्मभर हेच काम केलं. गेल्या वर्षी ते वारले. माझं कॉलेज त्यांच्या घरी राहून झालं. त्यांच्या हाताखाली मी सुतळ्या कापल्या, लाकूड मोजलं, रात्री-अपरात्री दार उघडलं. म्हणून लिहितोय.

आमचं आजोळ बुरडांचं. आजोबा सुपं, टोपल्या, दुरड्या, कणग्या विणायचे. लग्नघरातली सुपं आमच्याकडून जायची आणि तिरडीचे बांबूही आमच्याकडूनच. पुढे प्लास्टिकची घमेली आणि टब आले, आठवडी बाजारात टोपलीला कोणी विचारेना. बांबूचं एकच गिऱ्हाईक टिकलं, रात्री दार वाजवणारं. मामा तेव्हा तरुण होते. त्यांच्या लक्षात आलं की ज्या घरात माणूस गेलाय त्याच घरातली दोन-चार माणसं गावभर पळत असतात. बांबू बुरूड आळीत, मडकी कुंभाराकडे, कोरं मांजरपाट कापडवाल्याकडे आणि त्याचं दुकान नेमकं बंद, तूप-कापूर वाण्याकडे, लाकूड वखारीत आणि वखारवाला जेवायला गेलेला. मामांनी हे सगळं आपल्या पडवीत आणून ठेवलं. पाटी लावली नाही. गावाला ती लागलीही नाही.

सामान विकणं हा या कामातला सोपा भाग. दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, सुतळी, थोडा कडबा, कापड, मोठं आणि लहान मडकं, गोवऱ्या, राळ, कापूर, तूप, तुळस, गुलाल-बुक्का, हार, पिंडाला पीठ, तांदूळ, पंचा. सवाष्ण असेल तर हिरवं लुगडं आणि बांगड्या. ही यादी कोणीही आठ दिवसांत पाठ करेल. मामांचं खरं काम निरोप आला की सुरू व्हायचं. दारात आलेल्या माणसाला ते "कोण गेलं?" असं कधी विचारत नसत. विचारायचे ते हे: डॉक्टर येऊन गेले का? घर कितव्या मजल्यावर? कोणाची वाट बघायचीय? माणूस उंचीला केवढा? आणि लगेच सांगायचे, "घरी जा, डोळे मिटलेत का बघा, हनुवटीखालून फडकं घेऊन डोक्यावर गाठ मारा, हातपाय सरळ करा, दोन्ही अंगठे एकत्र बांधा. हे आत्ता करा, नंतर जमत नाही." दोन-तीन तासांत शरीर ताठरायला लागतं, जबड्यापासून सुरुवात होते. हे ज्याला वेळेवर कळत नाही त्या घराला आपल्या माणसाचा उघडा राहिलेला जबडा जन्मभर आठवत राहतो. मामांनी सांगितलेल्या गोष्टींमध्ये मला ही सगळ्यात मोलाची वाटते, कारण तिला एक पैसा लागत नाही.

वाईतले जुने वाडे तुम्ही पाहिले असतील तर तिथले जिने कसे अरुंद आणि अंधारे असतात ते माहीत असेल. मामांना गावातला जवळजवळ प्रत्येक जिना माहीत होता. कुठे माणूस झोळीत घालून उतरवावा लागतो, कुठे खुर्चीत बसवून, कुठल्या बोळात तिरडी वळत नाही म्हणून ती बाहेर चौकात बांधायची, हे ते घरात पाऊल टाकण्याआधी ठरवून आलेले असायचे. ते आले की घरातल्या माणसांना काही ठरवावं लागत नसे. मी पुढे बरीच हुशार माणसं पाहिली, पण दुसऱ्याच्या डोक्यावरचा भार इतक्या कमी शब्दांत उचलणारा माणूस पुन्हा पाहिला नाही.

सातारा जिल्ह्यात आणखी एक गोष्ट असते. आमच्याकडची कितीतरी माणसं मुंबईत माथाडी म्हणून, गिरणीत, बाजारात राबली. तिकडे कोणी गेलं तर माती गावातच करायची, असा आग्रह. रुग्णवाहिका मुंबईहून संध्याकाळी निघते, खंबाटकी उतरून रात्री उशिरा पोचते. मामा तोवर स्मशानात गॅसबत्ती लावून लाकडं रचून बसलेले असायचे. अलीकडे उलटंही होतं, गावात म्हातारी जाते आणि मुलं पुण्यात किंवा परदेशात. मग बर्फाच्या लाद्या आल्या, नंतर विजेवर चालणारी शवपेटी आली. मामांनी ती कर्ज काढून घेतली.

लाकडाबद्दल थोडं लिहितो, कारण तुमच्या भावाला हे कोणी सांगणार नाही. एका चितेला सात-आठ मण, म्हणजे तीनशे किलोच्या आसपास लाकूड लागतं. खाली बारीक आणि सुकं, मध्ये हवेला वाट, वर जड ओंडके, त्यातला एक छातीवर. बाभूळ चांगली पेटते आणि आच धरते. आंबा ओला असेल तर नुसता धुमसतो. कोल्हापूरकडे शेणींवर, म्हणजे गोवऱ्यांवर भर असतो, होळीच्या वेळी लोक स्मशानासाठी शेणी दान करतात. आमच्याकडे लाकडाचीच सवय. जुलै-ऑगस्टमध्ये धोम धरणातून पाणी सोडलं की कृष्णा घाटांवर चढते, आणि सहा दिवस सूर्य दिसत नाही. अशा वेळी ओली लाकडं विकून वर डिझेल ओतायला सांगणारे, टायर टाकणारे लोक असतात. मामा पावसाळ्याचं लाकूड मार्चमध्येच घेऊन पत्र्याखाली, जमिनीपासून वीतभर उंच रचून ठेवायचे. सोयऱ्यांसमोर चिता विझणं याच्याइतकी वाईट गोष्ट नाही, असं ते म्हणायचे, आणि पावसात ते शेवटपर्यंत तिथून हलत नसत.

आता पैशाचं. या धंद्यात गिऱ्हाईक घासाघीस करत नाही. दुःखातला माणूस सांगाल ती रक्कम काढून देतो आणि बाजूला उभे असलेले भाऊबंद बघत असतात, म्हणून जास्तच देतो. लुबाडायला इतकी सोपी जागा दुसरी नसेल. मामांनी भिंतीवर खडूनं दर लिहिले होते, रात्रीचे आणि दिवसाचे एकच. तेरावा होईपर्यंत पैशाचं नाव काढायचं नाही, हा त्यांचा नेम होता. काही लोक विसरायचे, काही विसरल्यासारखं करायचे. वसुलीला मामा कधी गेले नाहीत, आणि त्यावरून मामीशी त्यांची भांडणं व्हायची. मामीचं म्हणणंही खोटं नव्हतं, घर तिला चालवायचं होतं. दोन-तीन वर्षांच्या आतलं मूल गेलं तर त्याला पुरतात, चिता नसते, तिरडी नसते. बाप हातावर घेऊन जातो. त्या कामाचे, मिठाचे आणि कापडाचे पैसे मामांनी कधी घेतले नाहीत. बेवारस मृतदेह असेल तर पोलीस ओळख पटण्यासाठी काही दिवस थांबतात, मग नगरपालिका खर्च करते. त्या खर्चात हार बसत नाही. तो मामा घालायचे.

कागदपत्रांचं ज्ञान हे या कामात बांबूइतकंच लागतं. डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला हवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी, नंतर शपथपत्रं आणि हेलपाटे वाढत जातात. पुढे बँक, विमा, सातबाऱ्यावर वारसनोंद, सगळीकडे तोच दाखला लागतो. मामा घरच्यांना सांगायचे, नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहून द्या, एका वेलांटीसाठी वर्ष जातं.

आणि साप चावला, अपघात झाला, विष घेतलं, भाजली, अशी बातमी असेल तर पोलिसांचा कागद आल्याशिवाय ते बांबूला हात लावत नसत. यावरून एक प्रसंग सांगायलाच हवा. जवळच्या एका खेड्यातून पहाटे दोघे आले. घरातली सून रात्री भाजून गेली, स्टोव्हचा भडका झाला, ऊन चढायच्या आत माती उरकायची आहे, असं म्हणाले. मामांनी विचारलं, माहेरची माणसं आली का? ते म्हणाले, लांब आहेत, कळवलंय. मामांनी त्यांना बसवलं, चहा दिला, म्हणाले की बांबू ओले आहेत, दुसरे आणायला माणूस पाठवतो. माणूस पाठवला तो पोलीस ठाण्यात. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई अशी गेली तर दंडाधिकाऱ्यांसमोर चौकशी आणि शवविच्छेदन झालंच पाहिजे, हा कायदा १९८३ पासून आहे. मामा फार शिकलेले नव्हते, पण हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी शवविच्छेदन झालं, माहेरचे आले, त्यांनी आणलेलं लुगडं तिला नेसवलं गेलं आणि संध्याकाळी माती झाली. त्या घरानं आणि त्यांच्या भावकीनं पुन्हा आमच्या दुकानातून काही नेलं नाही. दोन वेळा दुकानावर दगडही आले. मामांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, पण मला वाटतं त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं काम होतं.

२५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीच्या काळुबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. शाकंभरी पौर्णिमा होती. नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, मग दुकानांना लागलेली आग. तीनशेच्या आसपास माणसं गेली. वाईला मृतदेह येऊ लागले तेव्हा मामांनी दुकानातलं सगळं मांजरपाट रिक्षात घातलं, कापडवाल्याला उठवून त्याचे तागे घेतले आणि रुग्णालयात नेले. तिथे बिल करायची गोष्ट कोणाच्या मनातही आली नाही. रात्रभर ते आणि आळीतली पोरं कापडं फाडून देत होती. नातेवाईक ओळख पटवायला यायचे तेव्हा मामा चेहऱ्यावरचा फुफाटा ओल्या फडक्यानं पुसायचे, मगच कापड बाजूला करायचे. पुढे बरेच दिवस त्यांना झोप नव्हती. आपल्याकडे अशा माणसाला 'तुम्हाला काय, रोजचंच आहे' म्हणतात. तुमच्या भावालाही म्हणतील. ते साफ खोटं आहे. मामांना प्रत्येक मयताचा त्रास व्हायचा, फक्त तो दुसऱ्याच्या घरात दाखवायचा नाही एवढं त्यांनी पाळलं होतं.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, अंत्यसंस्कार नगरपालिकेची माणसं करायची. मामांचं वय झालं होतं, मुलीनं त्यांना घराबाहेर पडू दिलं नाही. ते फोनवर असायचे. ज्यांना शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही ते लोक त्यांना फोन करून विचारायचे, आता काय करायचं? मामा सांगायचे, घरात दिवा लावा, दक्षिणेकडे तोंड करून पाणी सोडा, दहाव्याला आपण नीट करू. अस्थींची मडकी लाल फडकी बांधून, चिठ्ठ्या लावून स्मशानातल्या शेडमध्ये टांगलेली होती. पुढे महिनाभर मामा एकेका घराला बोलावून घेऊन अस्थी सोपवत होते.

आता या आयुष्याची किंमत. ती मोजावी लागते, आणि तुमच्या घरच्यांची भीती अनाठायी नाही. आपल्याकडे बाहेर पडताना प्रेतयात्रा दिसली तर शुभ शकुन मानतात, पण ती यात्रा बांधून देणारा माणूस सकाळी समोर आला तर नजर फिरवतात. बारशाला, साखरपुड्याला मामांना बोलावणं उशिरा यायचं, किंवा यायचंच नाही. मामेबहिणीची स्थळं दुकान कळलं की थांबायची. मामा स्वतःही जपून असायचे. एखाद्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं आहे असं कळलं की ते त्या आळीनं जाणंच सोडायचे, लांबच्या वाटेनं जायचे. आजारी माणसाला खिडकीतून आपण दिसू नये म्हणून. सणाच्या दिवशी कोणाकडे आपण होऊन जायचे नाहीत. स्मशानातून आले की मागच्या दारी मामीनं गरम पाणी ठेवलेलं असायचं, कडुलिंबाचा पाला चावून, अंघोळ करूनच घरात यायचे, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत की थंडीचा कडाका असो. सलग झोप हा प्रकार त्या घरात नव्हता.

रूढींच्या बाबतीत मामा हळूहळू बदलत गेले. आधी ते म्हणायचे, घराची जी रीत असेल ती. पुढे एका घरी मुलगा नव्हता, मुलीला अग्नी द्यायचा होता आणि चुलते अडून बसले. मामांनी मडकं मुलीच्या हातात दिलं आणि चुलत्यांना सांगितलं, "मडकं कोणी धरायचं ते घरानं ठरवायचं. आपण मागं हुबं राहायचं." त्यानंतर कित्येक मुलींनी आमच्याकडचं मडकं खांद्यावर घेतलं. पण विधवेच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं हे त्यांना आधीपासून बघवत नसे. तो विधी सुरू झाला की ते अंगणाबाहेर जायचे. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं परिपत्रक काढलं. मामांनी ते कात्रण दुकानात दरांच्या शेजारी चिकटवलं. सामान न्यायला आलेल्या माणसाला ते वाचायला लावायचे. कोणी ऐकायचं, कोणी नाही.

मामा गेले तेव्हा घरात आम्हाला कोणाला काही विचारावं लागलं नाही. आळीतल्या पोरांनी बांबू काढले, उंची त्यांना माहीत होती. एरवी ज्यांनी कधी मामांच्या घरचं पाणी घेतलं नाही अशा घरांतली माणसं खांदा द्यायला आली. मडकं मामेबहिणीनं धरलं. एक वयस्कर बाई मामीकडे जायला लागल्या तेव्हा शेजारच्या दोघींनी त्यांना हात धरून बाजूला बसवलं, आणि मामीच्या हातातल्या बांगड्या आजही तशाच आहेत. रक्षा नदीत सोडली नाही. मामांना शेतात खड्डा घेऊन त्यात झाड लावायची पद्धत आवडायची, म्हणून बांधावर रक्षा घालून बांबूचं बेट लावलं.

दुकान आता मामेबहीण चालवते. तिचं लग्न उशिरा झालं, पण चांगल्या माणसाशी झालं. तिनं लाकडाच्या जोडीला पिकअप घेतली, दर अजून भिंतीवरच आहेत, पैसे मात्र ती तेराव्यानंतर फोन करून मागते, आणि मामीचा जीव त्यामुळे भांड्यात पडला आहे.

तुमच्या भावाला माझं सांगणं एवढंच. पोट भरेल इतका हा धंदा चालतो, श्रीमंत करत नाही. दुकान घराला लागून असेल तर बरं, पण फोन दोघांनी वाटून घ्या, एकट्या माणसाला हे झेपत नाही. शवपेटीचं कर्ज पहिल्याच वर्षी घेऊ नका. बायकोची तयारी आहे का ते आधी विचारा, कारण अर्धी जागरणं तिची असतात. आणि दुकान काढायच्या आधी त्यानं थोडे दिवस असं काम प्रत्यक्ष पाहावं. मी मामेबहिणीला विचारलंय, ती शिकवायला तयार आहे. शक्यतो जुलैमध्ये या म्हणाली, लाकूड कसं राखायचं आणि ओल्यात चिता कशी रचायची ते तेव्हाच हाताखालून जातं.